गंगाराम कांबळेंच्या हॉटेलातला चहा आणि शाहू महाराज

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर एकेकाळी चहाचं एक साधं हॉटेल होतं. नाव सत्यसुधारक. मालक गंगाराम कांबळे. रस्ता वर्दळीचा, जागा मोक्याची, तरी हॉटेल रिकामं असायचं. मालक महार समाजातले आहेत हे गावभर ठाऊक होतं. त्यांच्या हातचा चहा प्यायला तर सोडाच, दुकानाच्या सावलीला थांबायलाही लोक कचरत होते.

मग एक दिवस तिथं खडखडा येऊन थांबला. खडखडा म्हणजे घोड्यांना गाडीची सवय लावण्यासाठी वापरायची दणकट, उघडी गाडी. करवीरचे छत्रपती शाहू महाराज ती स्वतः हाकायचे. रस्त्यावरून खडखड आवाज आला की महाराज निघालेत हे घरात बसलेल्या बायाबापड्यांनाही कळायचं. महाराजांनी गाडीतूनच गंगारामांना हाक मारून चहा मागवला. स्वतः प्यायले आणि गाडीत बरोबर बसलेल्या मंडळींनाही पाजला. त्यात ब्राह्मण होते, मराठे होते, आणखीही कोण कोण होते. राजाच घोट घेतोय म्हटल्यावर कप हातात धरून नाही म्हणायची कुणाची छाती होणार?

हे एकदाच झालं नाही. महाराज पुन्हा पुन्हा आले. कोल्हापुरात असंही सांगतात, की कागदावर सही हवी म्हणून कुणी महाराजांना गाठलं तर ते त्याला या हॉटेलाकडे यायला लावायचे. आधी चहा, मग सही.

ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पण त्या कपापर्यंत महाराज कसे पोचले हे समजून घ्यायचं तर बरंच मागं जावं लागतं.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. पाळण्यातलं नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब घाटगे. आई राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांच्या घरातल्या. म्हणजे आजच्या नकाशात बघितलं तर आजोळ कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. आई ते अगदी लहान असतानाच गेल्या. दहाव्या वर्षी, १७ मार्च १८८४ ला, कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक गेले आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. शिक्षण आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला, फ्रेजर या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली. १८९१ मध्ये लग्न झालं. लक्ष्मीबाई बडोद्याच्या खानविलकरांच्या कन्या. पुढे मुलगी आक्कासाहेब देवासला दिली. त्या काळच्या राजघराण्यांच्या सोयरिकी पाहिल्या की आज ज्यांना आपण राज्यांच्या सीमा म्हणतो त्या किती नव्या आहेत हे लक्षात येतं. सीमाभागातल्या वाचकाला तर हे वेगळं सांगायला नको. आज बेळगाव जिल्ह्यात असलेलं रायबाग तेव्हा करवीर संस्थानातच होतं. महाराजांचे हुकूम जितके कोल्हापूरच्या पेठांना लागू होते तितकेच रायबागच्या कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्याला.

२ एप्रिल १८९४ ला राज्यकारभार हातात आला तेव्हा ते विशीत होते. पुढची काही वर्षं दुष्काळ आणि प्लेग यांनीच खाल्ली.

आणि मग आलं १८९९. कार्तिक महिना, पहाटेची वेळ, पंचगंगेचा घाट. महाराज स्नानाला गेले होते आणि भटजी मंत्र म्हणत होते. ते मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत हे बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांच्या ध्यानात आलं. विचारणा झाली तेव्हा भटजींचं म्हणणं पडलं की महाराज शूद्र आहेत, त्यांना वेदमंत्रांचा अधिकार नाही. शिवछत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला, त्याच्याच राज्यात, त्याच्याच पैशावर पोसलेला पुरोहित हे सांगत होता. यातूनच वेदोक्त प्रकरण पेटलं. राजोपाध्यांची इनामं गेली, वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं चिखलफेक झाली, प्रकरण इंग्रज सरकारपर्यंत गेलं. त्या भांडणाचा सगळा तपशील इथं उगाळायला नको. पण ती पहाट महाराज विसरले नाहीत, हे त्यांच्या पुढच्या सगळ्या वागण्यावरून दिसतं.

२६ जुलै १९०२ ला, महाराज विलायतेत असताना, तो प्रसिद्ध हुकूम निघाला. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्यायच्या. हा हुकूम आज सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या थोडं आधी सुरू झालेलं दुसरं काम मात्र जास्त गुंतागुंतीचं होतं. ते म्हणजे बोर्डिंगं.

महाराजांच्या मनात मूळ सगळ्या जातींच्या पोरांना एका छपराखाली ठेवायचं होतं. तसा प्रयत्न झाला, पण जमला नाही. एकत्र वसतिगृहात एकाच जातीची मुलं उरायला लागली आणि बाकीच्यांना तिथं थाराच मिळेना. मग त्यांनी वेगळी वाट धरली. ज्या समाजाला आपली मुलं शिकवायची आहेत त्यानं आपलं बोर्डिंग काढावं, जागा आणि मदत दरबार देईल. १९०१ मध्ये मराठ्यांचं आणि जैनांचं, १९०६ मध्ये मुसलमानांचं, १९०७ मध्ये लिंगायतांचं, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. होता होता कोल्हापुरात अशी वीसच्या आसपास वसतिगृहं उभी राहिली. मुस्लिम बोर्डिंगचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. कुराण मराठीतून वाचता यावं म्हणून भाषांतराच्या कामाला पैसाही दिला.

जातवार बोर्डिंगं काढून जात कशी मोडणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. प्रश्न खोटा नाही. त्याचं प्रत्यंतर महाराजांच्या डोळ्यांसमोरच आलं. जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजकडचा एक दांडगा पोरगा राहत होता, भाऊराव पाटील. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला तो हजर राहिला. परतल्यावर अंघोळ करून मगच पंगतीला बसायचं, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं अंघोळ करायचं नाकारलं आणि त्यापायी बोर्डिंग सोडलं. महाराजांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. याच पोरानं पुढं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असं बोर्डिंग सुरू केलं जिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवत. त्याला नाव मिळालं छत्रपती शाहू बोर्डिंग. गुरूला जे साधलं नाही ते शिष्यानं केलं. पण गुरूनं आधी वीस दारं उघडली नसती तर कुंभोजकडचा हा पोरगा कोल्हापुरात शिकायला आलाच नसता, हेही तितकंच खरं.

आता पुन्हा गंगारामांकडे. हॉटेल काढण्याआधी ते महाराजांच्या पागेत मोतद्दार होते. घोड्यांची निगा राखायची, खरारा करायचा, चंदी घालायची हे काम. पागेत पाण्याचे हौद होते आणि हौदालाही जात होती. महाराज परगावी असताना एकदा गंगारामांनी मराठ्यांच्या हौदातलं पाणी घेतलं, आणि बाकीच्या नोकरांनी त्यांना धरून झोडपलं. वळ उठेपर्यंत मारलं.

ही मारणारी माणसं कोण होती? महाराजांच्याच समाजातली, महाराजांचंच मीठ खाणारी. पंचगंगेच्या घाटावर राजाला शूद्र म्हटलं तेव्हा याच लोकांचं रक्त तापलं असणार. आपल्या राजाचा अपमान म्हणजे आपला अपमान, असंच त्यांना वाटलं असणार. आणि त्याच हातांनी एका मोतद्दाराला पाण्यासाठी बडवलं. घाटावर जे महाराजांच्या वाट्याला आलं तेच पागेत एक पायरी खाली गंगारामांच्या वाट्याला आलं होतं. फरक इतकाच की महाराजांकडे इनामं जप्त करायची सत्ता होती आणि गंगारामांकडे उघडी पाठ.

महाराज परत आल्यावर गंगाराम त्यांना भेटले आणि पाठ दाखवली. महाराज भयंकर संतापले. मारणाऱ्यांना बोलावून त्यांनी स्वतः चाबकानं फोडून काढलं. राजेशाही न्याय होता तो. आजच्या माणसाला तो रुचणार नाही, रुचूही नये. त्यानं हौद काही सगळ्यांचा झाला नसता, उलट गंगारामांवरचा राग दुप्पट झाला असता. महाराजांना हे कळलं असावं. कारण त्यानंतर त्यांनी जे केलं त्यात चाबूक कुठं नव्हता. पागेतल्या चाकरीतून त्यांनी गंगारामांना मोकळं केलं आणि स्वतःचा काहीतरी धंदा काढायला सांगितलं. गंगारामांनी हॉटेल काढलं.

इथं थोडं थांबायला हवं. आपण महाराजांच्या चहाची गोष्ट सांगतो, पण मोठी हिंमत गंगारामांचीच म्हणायला हवी. पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या माणसानं लोकांना चहा पाजायचा धंदा निवडला, तोही भर रस्त्यावर, नावाची पाटी लावून. शेतमजुरी करता आली असती, दुसऱ्या गावी जाता आलं असतं. ज्या पाण्यावरून सगळं झालं तेच पाणी आधणाला ठेवून ते गिऱ्हाइकाची वाट बघत बसले. आणि गिऱ्हाईक येत नव्हतं.

संस्थानात कायदे होत होते, चांगले कायदे होत होते. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड बसू लागला. १९१८ मध्ये महारांची वतनं रद्द करून जमिनी त्यांच्या नावावर केल्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ सुटली. फासेपारध्यांसारख्या, गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातींची रोजची हजेरी महाराजांनी बंद केली आणि त्यांना कामं दिली, थेट पहाऱ्याचीसुद्धा. १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा मोडून त्यांना सगळ्यांच्या शाळेत बसवायचा हुकूम झाला. त्याच वर्षी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या इथं शिवाशिव पाळायची नाही असंही ठरलं. ज्या नोकराला हे मानवत नसेल त्यानं नोकरी सोडावी, अशी सक्त ताकीद होती.

यातला प्रत्येक हुकूम मोठा होता. तरी कुठल्याही राजाला एक हुकूम काढता येत नाही, तो म्हणजे अमक्याच्या हातचा चहा प्या. विहीर सरकारी असते, शाळा सरकारी असते, दवाखाना सरकारी असतो. तहान मात्र ज्याची त्याची. माणूस कुणाच्या दारात टेकतो, कुणाच्या कपाला ओठ लावतो, हे त्याच्या घरात, आईच्या मांडीवर ठरलेलं असतं. तिथं दरबारचा शिपाई पोचत नाही. म्हणून महाराज स्वतः पोचले. शेजारचा माणूस सकाळी कामाला जाता जाता टपरीवर थांबतो तसे थांबले.

गाडीतल्या मंडळींनी तो चहा मनापासून घेतला की राजाच्या धाकानं, हे कोण सांगणार? काहींनी घरी जाऊन अंघोळ केलीही असेल. पण रस्त्यावरच्या लोकांनी जे बघितलं ते बघितलं. गंगारामांच्या हातून कप गेला, अमक्या घरच्या अमक्यानं तो घेतला आणि आभाळ कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी थोडी धिटाई आली. हळूहळू हॉटेल चालायला लागलं. महाराजांनी पुढं गंगारामांना सोडावॉटरचं यंत्रही मिळवून दिलं, असं कोल्हापुरात सांगतात. एकदा हौसेनं येऊन गेले आणि विसरले, असं झालं नाही. धंदा उभा राहीपर्यंत त्यांनी पाठ सोडली नाही.

अशी माणसं घडवण्याची त्यांची रीत एकाच हॉटेलापुरती नव्हती. राजवाड्याच्या चाकरीत त्यांनी अस्पृश्य समाजातले माहूत नेमले, गाडीवान नेमले. काहींना वकिलीच्या सनदा दिल्या. शिकारीच्या मुक्कामावर त्यांच्याबरोबर जेवायला बसत. मुंबईत एक तरुण महार पदवीधर परदेशातून शिकून आलाय हे कळल्यावर ते त्याला बोलावणं न धाडता स्वतः परळच्या चाळीत जाऊन भेटले. तो तरुण म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. छत्रपतींनी चाळीचा जिना चढून एखाद्याच्या बिऱ्हाडी जाणं ही त्या काळात केवढी गोष्ट होती! जानेवारी १९२० मध्ये आंबेडकरांनी मूकनायक सुरू केलं, त्यालाही महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. दोनच महिन्यांनी, २१ आणि २२ मार्चला, कागल जहागिरीतल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. महाराज तिथं गेले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, आता बाहेरच्याकडे बघू नका. बाहेरच्यांत ते स्वतःलाही धरत होते. ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. दुसऱ्याचं भलं करणारे पुष्कळ असतात, पण त्याचं पुढारपण त्याच्या हाती देऊन बाजूला होणारे थोडे. नंतर आंबेडकरांना त्यांनी जेवायला बोलावलं आणि जरीपटका बांधून त्यांचा मान केला.

त्याच १९२० मध्ये ते हुबळीला ब्राह्मणेतरांच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून गेले होते. तिथं समोर मराठी बोलणारे होते तसेच कन्नड बोलणारेही होते. धारवाडला शिकलेल्या, मुधोळ आजोळ असलेल्या माणसाला तो परका मुलूख वाटायचं कारणच नव्हतं.

सोयरिकीच्या बाबतीतही त्यांनी घरापासूनच सुरुवात केली. मराठा आणि धनगर यांच्यात लग्नं व्हावीत असा त्यांचा प्रयत्न होता. बोलून दाखवणं सोपं, पण आपल्या घरची मुलगी द्यायची वेळ आली की भले भले सुधारक आवंढा गिळतात. महाराजांनी कागलच्या घाटगे घराण्यातली मुलगी इंदूरच्या होळकरांच्या घरी द्यायचं जुळवलं. यशवंतराव होळकरांशी तिचं लग्न लागलं ते १९२४ मध्ये. त्याच पुढं इंदूरच्या संयोगिताबाई. ते लग्न बघायला महाराज नव्हते.

शेवटची वर्षं तशी सुखाची गेली नाहीत. १९१८ च्या जूनमध्ये धाकटा मुलगा शिवाजी शिकारीत अपघातानं गेला. घरात कोवळ्या वयाची विधवा सून, इंदुमती. महाराजांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवायला घेतलं. घरच्यांचा विरोध होता, तोही सोसला. पण त्या धक्क्यानंतर तब्येत ढासळत गेली. देह अवाढव्य, त्यात मधुमेह, आणि कामाची दगदग थांबत नव्हती. ६ मे १९२२ ला मुंबईत, खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं सत्तेचाळीस.

कोल्हापुरात पुढे त्यांचे पुतळे झाले, रस्त्यांना आणि संस्थांना नावं दिली गेली, जयंतीला मिरवणुका निघू लागल्या. पण त्यांचं पहिलं स्मारक दरबारानं केलं नाही आणि सरदारांनीही केलं नाही. १९२५ मध्ये ते उभं केलं गंगाराम कांबळेंनी, आपल्या लोकांकडून वर्गणी गोळा करून.